गाडी बंद, मग पूलही बंद
अकोला ते अकोट हे जेमतेम ४५ किलोमीटरचे अंतर. पण २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी मीटरगेज गाडी बंद झाली आणि रोज ये-जा करणाऱ्यांची सारी भिस्त एसटी व काळीपिवळीवर आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामजवळ पूर्णा नदीवरच्या इंग्रजांच्या काळातील पुलाला तडे गेले. वाहतूक थांबली, दूरचा फेरा नशिबी आला. नोव्हेंबरात ब्रॉडगेज गाडी धावू लागली, ती सोयीपेक्षा सुटकाच म्हणायची. अकोटच्या पुढचे काम मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या वादात रखडले. अखेर मार्ग जंगलाबाहेरून, हिवरखेडकडून वळवण्याचे ठरले. अकोला-अकोट मार्गावर गाड्या मोजक्याच, तेव्हा निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर चौकशी केलेली बरी.