साच्याची अक्कल मोटारीला



आम्ही साचेखात्यातली माणसं. ताण्याचा धागा तुटला आणि साचा तसाच चालला, तर कापड वाया जातं. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो साचा काढला, तो धागा तुटताच आपोआप थांबे. पुढे त्यांचा मुलगा किइचिरो मोटारीच्या धंद्यात पडला. १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी निघाली. आता मोटारीत ना ताणा, ना धोटा! पण साच्याची अक्कल तिथं लागू पडली. चूक दिसली की साध्या कामगारानं दोरी ओढायची, चालू काम थांबवायचं.

आम्हीही सूत कच्चं आलंय म्हणून सांगायला जायचो. जॉबर म्हणायचा, "तू साचा चालव."