माणूस जन्मावरून मोजणारे शास्त्रज्ञ



शिकलेला माणूस अन्यायाच्या बाजूला जाणार नाही, असे आपण धरून चालतो. म्हणूनच पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवतो. पण जर्मनीचा इतिहास काय सांगतो, ते आज आम्ही आपल्यापुढे ठेवतो आहोत.

बर्लिनमध्ये १९२७ साली मानववंश आणि आनुवंशिकता यांचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. ऑयगेन फिशर. हे गृहस्थ काही अडाणी नव्हते, नावाजलेले प्राध्यापक होते. पण काही वंश रक्तानेच श्रेष्ठ आणि काही हीन, असे त्यांचे ठाम मत. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी नसबंदीचा कायदा झाला. आनुवंशिक दोषाचा शिक्का मारून सुमारे चार लाख माणसांची जबरदस्तीने नसबंदी झाली. ऱ्हाइन नदीच्या मुलखात आफ्रिकी सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांची मुले होती. १९३७ साली अशा शेकडो मुलांची गुपचूप नसबंदी केली गेली. त्यांना तपासून अहवाल देणाऱ्यांत हे फिशर होते! हुकूमशहाला आधार हवा होता, तो विद्वानांनी पुरवला.

याच फिशर यांच्या हाताखाली आपल्या इरावतीबाई कर्वे डॉक्टरेट करायला गेल्या होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी निघावी, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा फरक दिसत नाही, हे प्रबंधात लिहून दिले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध! बाबासाहेबांनीही अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८च्या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवून दिले. मोजमापे दोघांनीही पाहिली. पण निष्कर्ष आधी ठरवून नाही.

महायुद्धानंतर फिशर यांना शिक्षा झाली नाही. ते १९६७ साली, ९३ व्या वर्षी वारले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पोरांना डॉक्टर करा, इंजिनिअर करा, शास्त्रज्ञ करा. पण कितीही मोठ्या माणसाने एखाद्याला जन्माने हलका म्हटले, तर ‘हे कशावरून?’ असे उभे राहून विचारण्याची सवय त्यांना घरातूनच लावा. विद्येला शीलाची जोड लागते ती इथेच.

जयभीम!