कॅसेटवरचा संगणक



पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी धुळ्यात आमच्या गल्लीत संध्याकाळी एक चमत्कारिक आवाज घुमायचा. आधी लांबलचक शिट्टी आणि मग चार-पाच मिनिटे नुसती किरकिर. शेजारच्या आजी दारात येऊन विचारायच्या, "हाई काय शे रे? तुना रेडिओ बिघडना का?" रेडिओ बिघडलेला नसायचा. टेपरेकॉर्डरवरचा प्रोग्राम संगणकात चढत असायचा.

हा संगणक म्हणजे डीबी स्पेक्ट्रम प्लस. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली रीतसर परवाना घेऊन तो आपल्याकडे आणला. मूळ यंत्र इंग्लंडातील केंब्रिजचे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला, तेव्हा त्याची किंमत १२५ पौंडांपासून पुढे होती. त्या काळच्या संगणकांच्या मानाने हे मोल फारच थोडे. पुढे जगभर पन्नास लाखांहून अधिक यंत्रे खपली. आपल्या देशात मात्र खप त्या मानाने थोडाच झाला, आणि १९९० च्या सुमारास तोही आटला.

माझ्या मावसभावाने त्यातले एक पुण्याहून आणले, आणि मी गणिताचा शिक्षक म्हणून ते माझ्या घरी येऊन पडले. मोठ्या वहीएवढी काळी पेटी. पडदा नाही, म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. साठवणीची सोय नाही, म्हणून घरचा टेपरेकॉर्डर जोडायचा. आत झेड-ऐंशी नावाची चिप आणि ४८ किलोबाइट स्मृती. आज ज्या मोबाइलला ४ जीबी स्मृती असते, त्याची स्मृती या यंत्राच्या सत्त्याऐंशी हजार पट भरते. चिप मात्र चिवट निघाली. १९७६ साली बाजारात आलेली झेड-ऐंशी बंद करण्याचे कंपनीने जाहीर केले ते थेट २०२४ साली!

ती किरकिर म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी लेझमीचा दाखला देत असे. संगणकाला शून्य आणि एक, एवढेच कळते. शून्यासाठी लहान ठोका आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचा ठोका. असे ठोके इतक्या झपाट्याने वाजतात की आपल्या कानाला ती किरकिर वाटते. आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला किंवा टेपचे हेड मळलेले असले, की चौथ्या मिनिटाला पडद्यावर "टेप लोडिंग एरर" उमटे आणि सगळे पहिल्यापासून सुरू. आवाजच असल्यामुळे तो रेडिओवरूनही पाठवता येई, बरे का! १९८३ च्या सुमारास बेलग्रेडच्या रेडिओवर झोरान मोडली नावाचे निवेदक हीच किरकिर प्रसारित करीत आणि घरोघरची मुले ती कॅसेटवर टिपून घेत. हॉलंडच्या रेडिओनेही असे केले. आपल्याकडे कोणी केले असते, तर आजींचे काय झाले असते कोण जाणे.

खेड्यातून शिकायला आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना या यंत्राचा एक गुण फार उपयोगी पडला. आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करावी लागत नसे. 'पी' हे बटण दाबले की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटे. इंग्रजी स्पेलिंगची धास्ती घेतलेला आठवीतला मुलगा त्यामुळे बटणापाशी थबकत नसे, हिशेबाच्या विचाराला लागे. यंत्र सुरू केले की त्यात खेळ नाही, चित्र नाही. ते नुसते तुमच्या आज्ञेची वाट पाही.

मराठी अक्षरे अर्थातच नव्हती. पण एकवीस अक्षरांचा आकार आपणच ठरवावा, अशी सोय होती. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके. मुलांनी ठरवले, आपल्या गावाचे नाव लिहायचे. आलेख कागद घेऊन बसलो. 'ध'चा उकार खाली मावेना, 'ळ'ची मात्रा वर मावेना. शेवटी एकेका अक्षराला वर-खाली दोन घरे द्यावी लागली. तास-दीड तास आकडे भरले, आणि वीज गेली. कॅसेटवर काहीच उतरवले नव्हते! दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे केले, आणि पडद्यावर "धुळे" उमटले तेव्हा पोरांनी असा गिल्ला केला की आजी पुन्हा दारात.

त्या कॅसेटी माळ्यावर पडून होत्या. राजवाड्यांनी गावोगावच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा केली, १९२६ साली ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या गावात आहे. असे असून आपण स्वतःचे दप्तर वाळवीला देत होतो, याची मला लाज वाटली. भाच्याला हाताशी घेतले. अकरांपैकी सात कॅसेटी वाचल्या. आवाज नव्या संगणकात उतरवला. त्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम मोफत मिळतो, आणि त्याला लागणारा मूळ मजकूर वाटायला हक्कदार ॲमस्ट्रॅड कंपनीने १९९९ सालीच मुभा दिली होती. "धुळे" पुन्हा उमटले. मात्र ज्या कॅसेटवर एका मुलीने वडिलांच्या कापसाच्या वजनाचा आणि पट्टीचा हिशेब बसवला होता, तिला बुरशी लागलेली. त्यातून नुसती खरखर आली. ती मुलगी आता कुठे असते, मला ठाऊक नाही.

श्रोत्यांपैकी कोणाच्या, विशेषतः जुन्या शिक्षकांच्या घरी अशा कॅसेटी असतील, तर त्या एकदम रेकॉर्डरमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून पांढरे ठिपके दिसतात का ते पाहा. पट्टी चिकटली असेल, तर चाकात पेन्सिल घालून हलक्या हाताने सोडवा. हेड स्पिरिटने पुसा, ते वाळू द्या. आणि पहिल्याच वेळी वाजवताना तो आवाज नव्या यंत्रावर टिपून घ्या. जुनी पट्टी दुसऱ्या खेपेला टिकेलच असे नाही.