सुट्टीतील घर आणि त्याची राखण
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला विद्वत्तेचा विषय न देता कुलपाचा दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. दिवाळीत व मे महिन्यात आपली निम्मी बिऱ्हाडे गावी जातात. कोकणची मंडळी गणपतीला जातात ती निराळीच. मागे राहिलेल्या घराविषयी आणि मागे राहिलेल्या माणसांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

चोर हा मोठा निरीक्षक असतो. दारात साचलेली वर्तमानपत्रे, ऐन दिवाळीत रांगोळी व पणती नसलेला एकुलता एक उंबरठा, हे सारे त्यास वाचता येते. अलीकडे आपण त्याचे श्रम आणखी हलके केले आहेत. गाडीत पाऊल ठेवताच आपले छायाचित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर झळकते. पूर्वी दवंडी पिटण्यास पैसे पडत. आता ती फुकट पिटता येते! छायाचित्रे अवश्य काढावीत, पण परत आल्यावर दाखवावीत. दूध व वर्तमानपत्र बंद करावे, शेजाऱ्यांस सांगून निघावे आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवू नये, कारण ती जागा आपल्याइतकीच चोरासही ठाऊक असते.

दागिन्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. लक्ष्मीपूजनासाठी लॉकरमधून आणलेले सोने भाऊबीज उलटली तरी कपाटातच राहते आणि आपण तसेच गाडी पकडतो. ते बँकेत परत ठेवूनच निघावे. मात्र लॉकर म्हणजे सर्वस्वाची हमी, असाही समज नसावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडे ३,००० रुपये असेल, तर मर्यादा ३ लाखांची. आत काय ठेविले आहे, हे बँकेस माहीत नसते. म्हणून दागिन्यांची यादी, छायाचित्रे व सोनाराच्या पावत्या आपणाजवळ जपून ठेवाव्यात.

परंतु मला खरी काळजी वाटते ती घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची. रस्त्यात दोन सभ्य दिसणारी माणसे भेटतात. "आजी, आम्ही पोलीस. पुढे चोरी झाली आहे, पाटल्या काढून रुमालात बांधा," असे म्हणून स्वतःच गाठ मारून देतात; घरी गाठ सोडावी तो आत खडे. दुसरे दारी येऊन प्रथम तांब्याचा तांब्या लखलखीत करून दाखवितात, मग बांगड्या मागतात. ज्या द्रावणात त्या बुडवितात त्यात सोने विरघळते, आणि वजनात झालेली घट कळेपर्यंत पाहुणे पसार झालेले असतात. कोणताही पोलीस रस्त्यात दागिने उतरवून घेत नाही, एवढे एक वाक्य आजीच्या मनावर ठसवून मगच प्रवासास निघावे.

तिसरा चोर दारापर्यंत येतही नाही. तो गणवेश घालून मोबाइलच्या पडद्यावर दिसतो आणि "तुम्हास डिजिटल अटक झाली आहे, कोणास सांगू नका" असे दरडावतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. ठकाने रक्कम काढून घेण्यापूर्वी ती खात्यात अडविता येते. येथे तासातासाला मोल आहे. आणि तेच तास आपण दवडतो. 'मुलगा काय म्हणेल, सून हसेल' या लाजेने वृद्ध गप्प बसतात. ज्यांच्या घरी असे घडले असेल त्यांना माझी विनंती आहे, की प्रथम त्यांच्या पाठीवर हात ठेवा. हिशेब नंतर विचारा.

आता एक कटू गोष्ट बोलतो. चोरी झाली की आपले बोट आधी मोलकरणीकडे वळते, आणि नंतर नाक्यावर पाल ठोकून राहिलेल्या पारध्यांकडे. पुराव्याची वाट कोणी पाहत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड त्यांची कुटुंबे ठेविली जात. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या बोलण्यातून मात्र तो अजून गेलेला नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगणे मला विशेष आवश्यक वाटते, कारण जन्मावरून माणसाची परीक्षा होणे म्हणजे काय, हे जातीच्या नावाने एकत्र जमणाऱ्यांनी तरी ओळखावे. दहा वर्षे घर सांभाळणाऱ्या बाईला एका दुपारी पोलीस ठाण्यात बसविले, आणि हार मागाहून आपल्याच ट्रंकेत सापडला, तर तिची अब्रू कोणत्या लॉकरमधून आणून देणार?

संशय पोलिसांवर सोपवावा, आपण वस्तुस्थिती सांगावी. घर फुटलेले दिसल्यास आत वावरू नये, कशासही हात लावू नये, ११२ क्रमांक फिरवावा. गावी असतानाच वार्ता कळली, तरी खोळंबण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इंटरनेटवरून धाडल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. आगगाडीत सामान गेले तर १३९ आहे. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आजीच्या दूरध्वनीशेजारी भिंतीवर चिकटवावेत. तिचा चष्मा ऐन वेळी सापडत नाही.