चरबीतली शेगडी

पौषातल्या पहाटे भोकरदन-जाफराबादकडे मोठी माणसं घोंगडी ओढून कुडकुडतात. कुंचीतलं तान्हं मात्र कुडकुडत नाही. त्याच्या पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, तपकिरी चरबी असते. पांढरी चरबी साठवते, ही जाळते. तिच्यातलं यूसीपी-१ नावाचं प्रथिन अन्नातल्या ऊर्जेची सरळ ऊब करून टाकतं. मोठेपणी ही चरबी उरत नाही, असाच समज होता. २००९ साली ती प्रौढांच्या मानेतही सापडली.

थंडी वाजली की मेंदूच्या सांगण्यावरून मज्जातंतू चरबीत नॉरॲड्रेनालिन हे रसायन सोडतात आणि शेगडी पेटते. पण तिथे रोगप्रतिकारक पेशींचंही बिऱ्हाड असतं, आणि त्यांचं म्हणणं चालतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की त्यांतल्या काही टी पेशी इंटरल्यूकिन-१७ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्यामुळे चरबीतलं मज्जातंतूंचं जाळं दाट राहतं. म्हणजे या पेशी शेगडीला फुंकर घालतात. उलट, लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते. त्या टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन सोडतात, यूसीपी-१ घटतं, इन्सुलिनलाही शरीर दाद देईनासं होतं. काही मॅक्रोफेज तर नॉरॲड्रेनालिनच गिळून टाकतात. जंतू एकही नाही आणि लढाई मात्र चालू!

‘आम्ही कुठं लठ्ठ?’ असं अंबडचा एखादा सडपातळ शेतकरी विचारील. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर स्वतःच्याच अंगावरून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्या शेजारी उभं राहून फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपली बाळंही अशीच: वजनाला कमी, पण चरबी राखून असलेली.

मग आपल्या अंगात तपकिरी चरबीच कमी असते की काय? २०१४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांना दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांत ती कमी आढळली. आदल्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या पथकाला असा फरक दिसला नव्हता. वाद मिटलेला नाही. तेव्हा ही शेगडी पेटवून वजन उतरवायला कुणी पहाटे विहिरीवर गार पाण्याच्या बादल्या ओतून घेऊ नयेत. त्यापेक्षा शिंप्याची टेप पोटाभोवती धरा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर किंवा बायकांचा ८० भरला, तर काटा काहीही म्हणो, रक्तातली साखर तपासून घ्या.