'वीरधवल' आज वाचतांना

सोलापुरांत सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं भुईकोट किल्ला आहे. त्याच्या तटाच्या सावलींत बसून एखाद्यानें नाथमाधवांची 'वीरधवल' उघडली, तर साहसाचें वातावरण त्याला निराळें कल्पावें लागत नाहीं. तरीहि १९१३ सालची ही अद्भुतरम्य कादंबरी वाचतांना आजचा चिकित्सक वाचक आरंभीं हंसतो. योगायोग त्याला पटत नाहींत; अखेर विजय कोणाचा, हेंहि तो आधींच ताडतो. पण पान उलटण्याचें कांहीं थांबत नाहीं, आणि दिवा मालवण्याची वेळ टळून जाते.

हें कसें घडतें? नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, १९०५ सालीं शिकारीस गेले असतां सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, आणि त्यांचें कमरेखालचें शरीर कायमचें लुळें पडलें. साहसाच्या या कथा त्यानंतरच्या आहेत. १९२८ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाहीं.

स्वतःला चार पावलें टाकणें अशक्य असतां ज्यानें नायकाला असें दौडविलें, त्याच्या योगायोगांचा हिशेब कोण मागणार? चिकित्सा घटकाभर बाजूस ठेवून त्या दौडींत सामील होणारा वाचक भाबडा ठरत नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या त्या लेखकानें अनुभविलेल्या मुक्तीचा तो वांटेकरी होतो.