विरुद्ध बाजू रोज वाचली तर?

समाजमाध्यमांवर आपल्याच मताची माणसं भेटतात, म्हणून मतं कडवी होतात, असं आपण सर्रास म्हणतो. मग समोरच्या बाजूचं रोज वाचायला दिलं तर? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हेच करून पाहिलं. ट्विटर वापरणाऱ्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन लोकांना थोडे पैसे देऊन त्यांनी एक स्वयंचलित खातं महिनाभर फॉलो करायला सांगितलं. ते खातं दिवसाला २४ संदेश पुढे धाडायचं, सगळे विरुद्ध विचारांच्या नेत्यांचे, संस्थांचे, माध्यमांचे.

झालं भलतंच! रिपब्लिकन मंडळी आणखी उजवीकडे सरकली. डेमोक्रॅटही जरा डावीकडे झुकल्यासारखे दिसले, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. मला यात फारसं नवल वाटत नाही; पुढाऱ्यांची आरडाओरड वाचून मत बदललेला माणूस विरळाच.

पुढे बेल यांच्याच गटाने दोन्ही पक्षांच्या लोकांना नावं झाकून, मोबाइलवर, बंदुकांवरचं नियंत्रण आणि स्थलांतर अशा विषयांवर एकमेकांशी बोलायला लावलं. तेव्हा मात्र कडवटपणा कमी झाला, आणि रिपब्लिकनांमध्ये तो अधिक ओसरला.